सळईची गाडी सोडून रीफरवर यायचं असेल तर

जालन्याच्या एमआयडीसीत सळई भरायला नंबर लावून बसलेली पोरं भेटली की एकच विचारतात, "मामा, तुमच्या थंड्या गाडीवर जागा हाय का?" त्यांना बाहेरून जे दिसतं ते खोटं नाही. पांढरी गाडी, ताडपत्री नाही, रस्सा आवळणं नाही, दार लावलं, सील मारलं की निघाले. मी अंबडकडचाच. आधी सळईच ओढायचो, आता संभाजीनगरजवळच्या वाळूजवरून रीफर चालवतो, म्हणजे माल थंड ठेवायचं मशीन लावलेली बंद गाडी. म्हणून सळईवाल्याला, कापूसवाल्याला, उसाच्या गाडीवाल्याला समजेल असं लिहितोय.

एक गोष्ट आधीच डोक्यात घे. साध्या गाडीत नग पूर्ण आणि माल वेळेत पोचला की तुझं काम झालं. रीफरमध्ये नग पूर्ण, वेळ बरोबर, एक खोकं दबलेलं नाही, आणि तरीही माल परत येऊ शकतो, कारण रस्त्यात कुठंतरी तीन तास मशीन बंद होतं. हा धंदा गाडी हाकण्याइतकाच राखणीचा आहे. ज्याला राखण जमत नाही, त्यानं पगाराच्या आकड्याकडं बघून येऊ नये.

मिळतं काय

मला सगळ्यात मोठा फायदा वाटतो तो ओव्हरलोडची कटकट जवळजवळ संपण्याचा. सळईच्या धंद्यात वजनकाट्यावर काय चालतं ते तुला मी सांगायला नको. २०१९ ला मोटार वाहन कायदा बदलला, तेव्हापासून ओव्हरलोडला २० हजार दंड, वर प्रत्येक जादा टनाला २ हजार, आणि जादा माल उतरवायचा खर्च वेगळा. शेठ फोनवर "मी बघतो" म्हणतो, पण आरटीओपुढं उभा राहतोस तू. रीफरचा बराचसा माल जागा खाणारा, वजनाला हलका: आइस्क्रीम, औषधं, चॉकलेट. त्यात दोन एक्सलच्या गाडीचं एकूण वजन साडेअठरा टनांच्या आत ठेवायचं, आणि जाड भिंतीची बॉडी अन् मशीन यांनीच त्यातला चांगला वाटा आधी खाल्लेला असतो. छतापर्यंत कोंबलं तर हवा फिरत नाही आणि माल नासतो, त्यामुळं शेठलाही लोभ करता येत नाही. फळांच्या आणि फ्रोजनच्या लोडला मात्र वजन वाढतं, तिथं काट्याची पावती घेतल्याशिवाय निघू नको.

दुसरं म्हणजे काम बारमाही. पावसाळ्यात बांधकामं थंडावतात आणि सळईच्या गाड्या उभ्या राहतात. रीफरला एक हंगाम संपला की दुसरा लागतो. जानेवारीपासून एप्रिलपर्यंत लातूर-धाराशिवकडची द्राक्षं, मग मराठवाड्याचा केसर आंबा, डाळिंबाच्या बहारानुसार डाळिंब. मध्ये-मध्ये वाळूज-शेंद्र्याची औषधं, दूध-लोणी-चीज, उन्हाळाभर आइस्क्रीम. मे महिन्यात नागपूरला चॉकलेट न्यायचं तर रीफरशिवाय इलाज नाही. आपली मोसंबी आणि अर्धापूरची केळी मात्र देशातल्या देशात अजून बहुतेक साध्याच गाड्यांनी जातात, पेंढा घालून, रात्री पळवून. तेव्हा "आपल्याकडं फळं लई, म्हणून रीफरला काम लई" हा हिशोब तितका सरळ नाही.

बाकी छोटे फायदे आहेत. जूनच्या रात्री पावसात ताडपत्री ओढायला वर चढावं लागत नाही. सील असल्यामुळं ढाब्यावर माल चोरीला जायची भीती कमी. कंपनीला बांधलेल्या गाड्यांवर पगार बँकेत येतो, पीएफ कापला जातो. सळईच्या गाड्यांवर हे मी फार कमी पाहिलं. गाडीचं मेंटेनन्स बरं असतं, कारण माल देणारी कंपनी अधूनमधून गाडी तपासते.

जातं काय

पहिली जाते ती झोप. मशीन केबिनच्या डोक्यावर किंवा पाठीमागं असतं आणि रात्रभर घरघरत राहतं. पहिले काही दिवस आवाजानं झोप लागत नाही. पुढं सवय झाली की आवाज बंद पडला की खाडकन जाग येते. ढाब्यावर बाकीचे ड्रायव्हर शिव्या देतात, म्हणून गाडी कडेला, लांब लावावी लागते, आणि लांब लावली की डिझेलच्या टाकीवर नजर ठेवावी लागते. मशीनची टाकी बऱ्याच गाड्यांवर वेगळी असते, चोरांना ती ठाऊक असते.

दुसरा जातो वेळ. हे नीट समजून घे, कारण नवीन पोरं इथंच वैतागून सोडून जातात. भिवंडीकडच्या एखाद्या कोल्ड स्टोरेजला पहाटे चारला पोचलास. गेटवाला म्हणतो, तुमचा नंबर अकराला. अकराला डॉक (माल उतरवायचा धक्का) रिकामं नाही. दोनला एक पोरगा हातात काट्यासारखं टोक असलेलं थर्मामीटर घेऊन येतो, सील नंबर बिल्टीशी, म्हणजे मालाच्या कागदाशी, ताडतो आणि दाराचा एक पल्ला उघडायला लावतो. दाराजवळचं एक खोकं, मधलं एक, आणि हात पोचेल तितक्या आतलं एक. द्राक्षं असतील तर मण्यात टोक खुपसतो, फ्रोजन असेल तर दोन खोक्यांच्या फटीत दाबून धरतो. तो आकडा स्थिर होईपर्यंत तुझा जीव टांगणीला. दाराजवळचं खोकं नेहमीच थोडं गरम निघतं, हे त्यालाही माहीत असतं आणि तुलाही, पण कागदावर तोच आकडा जातो. या सगळ्या वेळात तू झोपलेला नसतोस, गाडी चाललेली नसते, आणि मशीनचं डिझेल जळत असतं. नोव्हेंबर २०२५ पर्यंत १९६१ चा मोटार परिवहन कामगार कायदा होता, त्यात दिवसाला आठ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास लिहिले होते. डॉकवर बसलेल्या ड्रायव्हरला हे सांगितलं तर तो हसतो.

तिसरं, क्लेम, म्हणजे खराब मालाच्या भरपाईची मागणी. सळई गंजली तर कुणी ड्रायव्हरला धरत नाही. इथं आइस्क्रीम एकदा वितळून परत गोठलं की त्यात बर्फाचे खडे होतात, ते विकता येत नाही. लस, इन्सुलिन दोन ते आठ डिग्रीत न्यायचं असतं; आठच्या वर गेलं तर वाईटच, पण शून्याच्या खाली जाऊन गोठलं तरी बाद. म्हणजे "जास्त थंड ठेवलं, आता काय बिघडणार" असं इथं चालत नाही. लोडची किंमत मोठी असते आणि दोष आधी ड्रायव्हरच्या माथी येतो. माल कंपनीत भरतानाच गरम होता हे सिद्ध करायचं काम तुझं. त्याचा इलाज पुढं सांगतो.

चौथं, अंगावरचा मार. एप्रिल-मेमध्ये परभणी-नांदेडकडं बाहेर त्रेचाळीस-चव्वेचाळीस आणि बॉडीत उणे वीस. घामेजल्या शर्टानं आत शिरलास तर घाम अंगावरच गार पडतो, आणि लोखंडी पट्टीला ओला हात चिकटतो. जॅकेट, हातमोजे, कोरडे मोजे आणि बंद बूट केबिनमध्ये पाहिजेतच, उन्हाळ्यात तर आधी. शेठ देत नसेल तर स्वतः घे. आणखी एक गंमत: वर्षानुवर्षं आमच्या पाठीमागं दही चार डिग्रीत झोपून जायचं आणि पुढं ड्रायव्हर भाजून निघायचा. आता १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली. जुन्या गाड्यांना ते लागू नाही, म्हणून गाडी कुठल्या सालची ते विचार.

नोकरी धरण्याआधी शेठला काय विचारायचं

पगार सगळे विचारतात. त्याच्या आधी विचारायचं ते मशीनचं. मशीन स्वतःच्या इंजिनावर चालतं का गाडीच्या इंजिनावर? गाडीच्या इंजिनावरचं असेल तर गाडी बंद केली की थंडीही बंद. मग डॉकवर सहा तास इंजिन चालू ठेवून बसायचं, का तिथं वीज जोडायची सोय आहे, हे आधीच कळलं पाहिजे. छोट्या आइस्क्रीम गाड्यांत रात्रभर विजेवर गोठवायच्या प्लेटा असतात. त्या शहरात फिरायला ठीक, लांब पल्ल्याला त्यांच्या भरवशावर जाऊ नको. मशीनचं शेवटचं सर्व्हिसिंग कधी झालं आणि रस्त्यात बिघडलं तर कुणाला फोन करायचा, हे विचार. "तू फोन कर, मी बघतो" असं उत्तर आलं तर समजून जा. चांगल्या शेठकडं नागपूर, नाशिक, पुणे, मुंबई अशा वाटेवरच्या मिस्त्र्यांचे नंबर केबिनच्या दारावर चिकटवलेले असतात.

दुसरा प्रश्न डिझेलचा. मशीनचं डिझेल किलोमीटरवर धरतात का तासावर? मोठ्या गाडीचं मशीन ताशी अंदाजे दोन ते चार लिटर खातं, बाहेरचं ऊन आणि आतलं सेटिंग बघून. किलोमीटरवर हिशोब लावणारा शेठ तुला डॉकवर उभा असताना जळालेल्या डिझेलचे पैसे मागणार. मशीनला तासांचा मीटर असतो. निघताना आणि पोचताना त्याचा फोटो काढ, पंपाच्या पावतीसोबत ठेव. भांडण होतच नाही.

ते ऐकलं की मागच्या बाकावरची पोरं डोळा मारतात. हो, रात्री मशीन बंद करून डिझेल वाचवायचं आणि पहाटे पोचायच्या आधी चालू करून आकडा खाली आणायचा, हा धंदा रस्त्यावर चालतो. काही ठिकाणी शेठच सांगतो, तेव्हा तर तिथून पळच. पेटीतली, म्हणजे मागच्या बंद बॉडीतली, हवा तासाभरात थंड होते, म्हणून डिस्प्लेवर आकडा गोड दिसतो. पण खोक्यातला माल तितक्या लवकर खाली येत नाही, थर्मामीटर खुपसला की कळतं. शिवाय मालाच्या खोक्यात डेटा लॉगर टाकलेला असतो, पाकिटाएवढा, तुला दिसतही नाही. तो दर काही मिनिटांनी तापमान लिहून ठेवतो. भरपाई एका बाजूला, त्या लसीनं कुणाचं लेकरू वाचायचं होतं, ते दुसऱ्या बाजूला.

तिसरा प्रश्न: हॉल्टिंगचे, म्हणजे गाडी थांबवून ठेवल्याचे, पैसे पार्टीकडून मिळतात का, आणि त्यातलं ड्रायव्हरला काय? चौथा: परतीला काय भरणार? मला एकानं परतीला खिळ्यांची पोती भरायला सांगितली होती. रीफरच्या आतली भिंत पातळ पत्र्याची किंवा फायबरची, मागं फोम. एकदा भोक पडलं की पाणी फोममध्ये शिरतं आणि थंडी कायमची गळते. लातूरहून डाळीचे कट्टे, कपड्यांचे गठ्ठे, औषधांचे रिकामे खोके चालतील. लोखंड, सिमेंट, मिरची, कच्चं चामडं नाही.

भरायला लागल्यावर

मशीन माल थंड करायला नसतं. थंड आलेला माल थंड ठेवायला असतं. सगळ्या युक्त्या याच एका गोष्टीतून निघतात. शेतातून थेट आलेली गरम द्राक्षं भरली तर दिल्ली येईपर्यंत ती कधी नीट थंड होणारच नाहीत. फळ तोडल्यावरही श्वास घेतं आणि स्वतः उष्णता सोडतं, मशीनला त्याच्याशीही झुंजावं लागतं. म्हणून पॅकहाऊसमध्ये प्रीकूलिंग झालंय का, म्हणजे भरायच्या आधी माल थंड केलाय का, हे विचार.

भरायच्या आधी पेटी धुऊन, वाळवून, दार लावून मशीन सेटिंगवर चालव, आत थंड होऊ दे. उन्हात तापलेल्या भिंती थंड व्हायलाच वेळ जातो. दार उघडताना मशीन बंद कर. चालू ठेवलं तर पंखा बाहेरची गरम ओली हवा आत ओढतो आणि तीच कॉइलवर बर्फ होऊन बसते. पावसाळ्यात तर पाहायलाच नको.

पेटी कशी धुतली हे पुढच्या लोडवर ठरतं. मासळी नेली असेल तर साध्या पाण्यानं भागत नाही. गरम पाणी, साबण, जंतुनाशक, आणि खालच्या ड्रेनच्या भोकांतला चिखल तारेनं काढायचा, वास तिथंच राहतो. लोणी, दूध वास पटकन ओढून घेतात. कांदा-लसणाच्या मागोमाग लोणी भरायला लावणाऱ्याला स्पष्ट नाही म्हण. माल घेणारा दार उघडल्या-उघडल्या आधी नाकच लावतो.

तापमान कधीही फोनवर ऐकून लावू नको. हे मी सगळ्या नव्या पोरांना सांगतो. ऑफिसातून फोन येतो, "अठराला लाव." चॉकलेट अधिक अठराच्या आसपास जातं, आइस्क्रीम उणे अठराच्या खाली. अठरा म्हणजे कुठलं अठरा? व्हॉट्सॲपवर लिहून माग, उणे असेल तर "उणे" हा शब्द अक्षरात लिहायला लाव, आणि बिल्टीवरही तोच असू दे. फळांचे आकडे ढोबळमानानं ध्यानात ठेव: द्राक्षं शून्य ते एक, डाळिंब पाच ते सात, केळी तेरा-चौदा. केळी त्याच्या खाली गेली तर साल काळवंडते आणि पुढं पिकवायला लावली तरी नीट पिकत नाही. म्हणून एकाच गाडीत केळी आणि द्राक्षं भरून "मधलं काहीतरी लाव" म्हणणाऱ्या व्यापाऱ्याला हात जोड.

माल लावताना बघत उभा राहा. हमालांना वेळ नसतो. पेटीत आत लाल रेघ असते, तिच्यावर माल जाता कामा नये; मशीनची हवा छताखालून मागं जाते, मालातून खाली येते आणि फरशीच्या खाचांतून पुढं परतते. वर कोंबलं की मागचा माल शिजतो. पुढच्या भिंतीला, जिथून मशीन हवा परत ओढतं, तिथंही खोकं टेकता कामा नये. आता फळं आणि फ्रोजन यांत फरक आहे. फळांतून हवा फिरली पाहिजे, म्हणून क्रेटची भोकं एका ओळीत. फ्रोजन माल एकमेकांना चिकटवून घट्ट लावायचा आणि हवा त्याच्या भोवतीनं फिरू द्यायची. मशीनचं चालवणंही तसंच: फळांना सतत चालू, फ्रोजनला आपोआप चालू-बंदवर ठेवलं तरी चालतं, डिझेल वाचतं.

मग क्लेमचा इलाज. साडेतीनशे-चारशे रुपयांत टोकाचं थर्मामीटर मिळतं, ते स्वतःचं ठेव. भरताना पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या खोक्यांत खुपस, आकड्याचा फोटो काढ, आणि जो आकडा आला तो बिल्टीच्या तिन्ही प्रतींवर लिहून पाठवणाऱ्याची सही घे. द्राक्षं एक डिग्रीला मागवलीत आणि भरताना बारा डिग्रीची आहेत, तर "भरताना माल १२ डिग्री" एवढं लिही. त्यांचा सुपरवायझर कुरकुर करेल, "एवढं लिहायची काय गरज" म्हणेल. गोड बोल, चहा पी, पण सही घेतल्याशिवाय दार लावू नको. एका पॅकहाऊसमध्ये तासभर वाद झाला तेव्हा तिथल्या माणसानं सही करायच्या ऐवजी माल परत शीतगृहात नेला आणि दुसऱ्या दिवशी थंड करून दिला. माझा दिवस गेला, पण दिल्लीत थर्मामीटर खुपसला तेव्हा मी बिनधास्त तंबाखू मळत उभा होतो.

रस्त्यात

समृद्धी महामार्गानं आपल्या भागाचं काम सोपं केलं. जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा तुकडा खुला झाला आणि नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर सलग झाला. जालन्याहून चढलास की कसारा घाटात अडकायचं काम नाही. पण ट्रकला ताशी ऐंशीची मर्यादा आहे, आणि सरळ रस्त्यावर डोळा लागतो. उन्हाळ्यात काँक्रीट तापलेलं असतं, म्हणून गाडी काढायच्या आधीच टायरची हवा बघ. जेवण उरकून आणि मशीनचं डिझेल भरून मगच चढ, मध्ये सोयी विरळ आहेत.

मशीनचा डिस्प्ले दर दोन-तीन तासांनी बघायची सवय लाव, आणि वहीत लिही: वेळ, जागा, आकडा. सेटिंग आणि परत येणारी हवा यांत फरक वाढत चालला की समज काहीतरी बिघडतंय. दाराचं रबर फाटलंय का, हे रात्री अंधारात आतून टॉर्च लावून बाहेरून बघितलं तर कळतं. मशीन कधीकधी स्वतःहून डीफ्रॉस्टला जातं, म्हणजे कॉइलवरचा बर्फ वितळवतं, तेव्हा आकडा थोडा वेळ वर चढतो आणि परत खाली येतो. घाबरून सेटिंगशी खेळू नको. नेमकं डॉकवर पोचल्यावर डीफ्रॉस्ट लागला तर माल घेणाऱ्याला आधीच सांग, थांबायला लाव.

आपल्या भागातले दोन धोके पुस्तकात नसतात. एक, नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत बीड, लातूर, धाराशिवच्या रस्त्यांवर रात्री उसाच्या ट्रॉल्या. मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. थंड मालाची घाई कितीही असो, तिथं वेग उतरव. दोन, रास्ता रोको. सप्टेंबर २०२३ ला आंतरवाली सराटीच्या लाठीमारानंतर आमच्या अंबड-जालना भागात रस्ते जागोजाग बंद होते. जानेवारी २०२४ च्या ड्रायव्हरच्या संपात पंपांवर रांगा लागल्या. सळईवाला अशा वेळी गाडी लावून झोपू शकतो. तुझं मशीन डिझेल मागत राहतं. टाकी अर्ध्याच्या खाली गेली की भरायची, भाव कमी असलेल्या पंपाची वाट बघत बसायचं नाही.

कागदांत एक अडचण नेहमी येते. ज्या मालाला ई-वे बिल (माल वाहतुकीचा जीएसटीचा ऑनलाइन कागद) लागतं, त्याची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी असते. डॉकवर दोन दिवस गेले आणि पुढच्या ठिकाणी निघालास तर मुदत संपलेली असू शकते. संपायच्या आधी किंवा नंतर आठ तासांत ती वाढवून घेता येते, म्हणून ऑफिसला वेळेत फोन कर. गाडीत खाण्याचा माल असेल तर एफएसएसएआयच्या (अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या) लायसन्सची प्रतही ठेव, मोठे गोदामवाले गेटवरच मागतात.

आणि पेटीत शिरताना एक नियम: एकट्यानं नाही, निदान कुणाला सांगून. दार बाहेरून लागलं तर आतून उघडायची कडी चालते का, हे गाडी ताब्यात घेतल्या दिवशी तपास. बर्फ बसून ती जाम होते. माल ड्राय आइसवर पॅक केलेला असेल तर दार उघडून थोडा वेळ हवा खेळू दे आणि मगच आत जा. त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो, वास येत नाही, रंग दिसत नाही. डोकं जड झालं, धाप लागली की बाहेर.

स्वतःची गाडी घ्यायची म्हणशील तर

पहिल्या वर्षी घेऊ नको. नव्या मशीनची किंमत ट्रकच्या वर बसते, आणि जुनं मशीन घेतलंस तर कॉम्प्रेसर आणि गॅस तुझा खिसा रिकामा करतात. शेतकरी गटाच्या नावानं घेत असशील तर एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानात रीफर गाडीला कर्जाशी जोडलेलं अनुदान असतं. तालुका कृषी अधिकाऱ्याकडं जाऊन सध्याच्या अटी विचार, एजंटाच्या तोंडाकडं बघू नको. अनुदान नंतर मिळतं, हप्ता आधी सुरू होतो, हे बायकोला पण सांगून ठेव.

बांधलेलं काम हातात असल्याशिवाय तर नाहीच. एक औषधाची किंवा दुधाची पार्टी वर्षभराच्या लेखी दरानं मिळाली, परतीला कमीतकमी निम्म्या वेळा सुकं भाडं, म्हणजे थंड न ठेवायचा माल, मिळेल अशी ओळख झाली, आणि मशीनचा मिस्त्री घराजवळ असला, तर जमतं. फक्त द्राक्षांच्या भरवशावर घेतलेल्या गाड्या मी मे महिन्यात वाळूजच्या रिकाम्या प्लॉटवर उभ्या पाहिल्यात, समोर "विकणे आहे" चिकटवून. अशी गाडी स्वस्तात मिळत असेल तर आधी मशीनचा तासांचा मीटर बघ, भिंतीवर मुठीनं ठोकून फोम पोकळ झालाय का ते ऐक, आणि दुपारी दोनच्या उन्हात दार लावून उणे अठरापर्यंत उतरवून दाखव म्हणावं. "आता गॅस कमी आहे, नंतर भरून देतो" म्हणाला की नमस्कार करून निघ.